सोळा लाद्या कमी

गोमा हिलमने आजवर अकरा माणसं पाण्यातून बाहेर काढली होती, आणि अकराच्या अकरा मेलेली. यात त्याचा दोष काहीच नव्हता. माणूस हातपाय मारत असेपर्यंत गोमाला कोणी बोलावत नसे. तो बुडाला, घरच्यांची रडारड झाली, हवालदार कागद घेऊन आला, की मग कोणाला तरी आठवायचं की किन्हवलीच्या पलीकडच्या वाडीत एक कातकरी आहे, त्याला आणा. गोमा यायचा, सदरा काढून दगडावर ठेवायचा आणि खाली जायचा. कधी भातसानगरच्या बाजूला, कधी नदीच्या डोहात, एकदा तर मुरबाडजवळच्या एका तलावात. काम झालं की लोक त्याला चहा पाजत, पण कप वेगळा देत.

या अकरा जणांनी त्याला एक गोष्ट शिकवली होती. पाण्याच्या मधोमध त्याला कोणी सापडलं नव्हतं. सगळे काठाजवळ सापडले, हाकेच्या अंतरावर. काठ दिसला की माणसाला वाटतं, आलंच आता; आणि नेमका तिथेच दम संपतो. गोमाने हे कधी कोणाला सांगितलं नाही. मढी काढणाऱ्याला विचारतंय कोण?

अशा माणसाच्या मुलीने धरणात पोहण्यासाठी नाव दिलं, तेव्हा बापाची झोप उडाली.

छाया त्याची धाकटी, एकवीस वर्षांची. किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना रस्त्याला लागून एक रिसॉर्ट आहे, तिथे बाप-लेक दोघंही कामाला होते. रिसॉर्टवाले ज्याला स्विमिंग पूल म्हणत, त्याला गोमा टाकी म्हणायचा. ज्याच्या खाली चिखल नाही आणि ज्यात मासा नाही ते पाणी टाकीतलंच, असं त्याचं साधं म्हणणं. ती टाकी तो घासायचा. छाया काठावर शिट्टी घेऊन बसायची, पाहुण्यांची पोरं खोल पाण्यात गेली की ओढून आणायची. काम जीवरक्षकाचं, पण कागदावर ती झाडूवाली, कारण तिच्याजवळ प्रमाणपत्र नव्हतं.

ते मिळण्याची संधी आली होती. तालुक्यातल्या एका तरुण मंडळाने जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सिद्धगडाच्या पायथ्याच्या लहान धरणात पोहण्याचा कार्यक्रम ठेवला होता. धरणाच्या पायऱ्यांवरून निघायचं, पाण्यात नांगरून ठेवलेल्या नारिंगी पिंपाला हात लावायचा आणि परत पायऱ्यांवर यायचं. एक फेरा, दीड किलोमीटर. जो पुरा करेल त्याला पत्र, आणि ते पत्र दाखवलं की मुरबाडच्या नव्या वॉटरपार्कमध्ये पक्की नोकरी.

रिसॉर्टवर दर शनिवारी ठाण्याच्या माधुरीताई पोहायला येत. छायावर त्यांचा जीव होता. दिवाळीनंतर त्यांनी स्वतःचं जुनं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. "हे तुझे लॅप मोजेल, मीटर मोजेल. तू नुसतं पोहायचं." घड्याळाने आधी टाकीची लांबी विचारली. माधुरीताईंनी कोपऱ्यातल्या फळ्याकडे पाहिलं. 'लांबी २५ मीटर. उड्या मारू नयेत.' त्यांनी पंचवीस भरलं. बाई सरळ मनाच्या होत्या, फळा खोटं बोलत असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

तोवर मोजायचं काम गोमाकडे होतं. तरुणपणी तो बायको तानीबरोबर वीटभट्टीवर जायचा, तिथली रीत त्याच्या अंगात मुरलेली. डोक्यावर विटा घेऊन गेलेलं माणूस भट्टीवर मोजत नसत. ते रिकामं परत आलं की मुकादम डब्यात एक चिंचोका टाकायचा, तेव्हा एक फेरा व्हायचा. एकदा एक बाई विटांसकट भट्टीच्या तोंडाशी कोसळली ती उठलीच नाही. तिचा तो फेरा मुकादमाने धरला नाही. ती परत कुठे आली होती? गोमा ते दृश्य विसरला नव्हता, पण मोजायची दुसरी रीतही त्याला माहीत नव्हती. छाया जाऊन परत आली की तो एक चिंचोका या खिशातून त्या खिशात टाकायचा.

घड्याळ आलं त्या संध्याकाळी गोमा म्हणाला तीस आणि घड्याळ म्हणालं साठ. रिसॉर्टचा मॅनेजर प्रणय पोट धरून हसला. "गोमा, झोपला होतास की काय? अर्धेच मोजलेस!"

छायानेच उलगडा केला. "बा, तुजा फेरा म्हंजे जाऊन-येऊन. याचा लॅप म्हंजे नुसता जाऊन. तुजे तीस, माजे साठ. बरोबरच हाय."

बरोबरच होतं. साठ गुणिले पंचवीस, दीड किलोमीटर. सगळे खूश झाले आणि घात झाला तो तिथेच. त्या दिवसापासून गोमाने कोणताही आकडा सांगितला की लोक मनात त्याची दुप्पट करायचे आणि सोडून द्यायचे.

घड्याळाचेही नखरे होते. मध्येच कोणाचं पोर आडवं आलं आणि छाया थांबून पुन्हा निघाली, की ते एक लॅप जास्त धरायचं. फळी धरून नुसते पाय मारले की मुळीच धरायचं नाही, हात हलल्याशिवाय त्याला पोहणं कळतच नसे. कमी दाखवलं की छाया म्हणायची, येडं हाय हे. जास्त दाखवलं की गप्प बसायची. माणसाचा स्वभावच असा, फायद्याची चूक कोणाला दिसत नाही. गोमाला ती दिसत होती, पण एखाददुसऱ्या लॅपने काय होतं, असं म्हणून त्यानेही कानाडोळा केला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाहुणे ओसरले आणि दुरुस्तीसाठी टाकी रिकामी केली. गोमा तळाला उतरला. तळाच्या मधोमध काळ्या लाद्यांची एक रेघ होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एकेक लादी घासत, सवयीने मोजत तो पुढे सरकत गेला. त्याचं मोजणं विसाविसाचं. पलीकडची भिंत आली तेव्हा तीन इसा आणि वर सहा झाल्या होत्या, म्हणजे सहासष्ट.

त्याला काहीतरी खटकलं. लादी एक फुटाची, हे त्याला पक्कं ठाऊक. या लाद्या बसवताना गवंड्याच्या हाताखाली तोच होता. एका मीटरला सव्वातीन फुटांहून थोडं जास्त लागतं, हेही त्याच गवंड्याने सांगितलेलं. तो कोरड्या टाकीच्या तळाशी बसला, खिशातले चिंचोके काढून मांडू लागला. पंचवीस मीटरला चार इसा आणि वर दोन लाद्या हव्या होत्या. सोळा कमी पडत होत्या. त्याने पुन्हा मांडलं. सोळाच.

एका लॅपला सोळा लाद्या, तर साठ लॅपांना किती? चिंचोके पुरेनात, तेव्हा त्याने खडूने तळावर रेघा ओढल्या. आठ कमी पन्नास इसा... नाही, दोन कमी पन्नास इसा. नऊशे साठ फूट. एवढं लांब म्हणजे किती, ते डोळ्यांपुढे येईना. म्हणून तो फाटकाबाहेर गेला आणि रस्त्याने पावलं टाकत निघाला. मोरी ओलांडली, उंबराचं झाड मागे पडलं, तरी पावलं संपली नव्हती. थांबला तिथून त्याने मागे वळून पाहिलं. फाटकावरचा वॉचमन नखाएवढा दिसत होता. गोमाने हाक मारली. त्याने जेमतेम मान वळवली.

हे अंतर गोमाच्या ओळखीचं होतं. त्याची अकरा माणसं एवढ्याच पाण्यात राहिली होती.

तो आधी प्रणयकडे गेला. "सायेब, टाकी तीन इसा न् सहा लाद्यांची हाय."

"नीट आकड्यात सांग की."

"सहासष्ट."

"मग दुप्पट कर," प्रणय मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "तुझं नेहमी अर्धंच असतं. एकशे बत्तीस फूट झाले. पंचवीस मीटरपेक्षा जास्तच भरली की!" मग त्याने डोकं वर काढलं. "आणि पाहुण्यांसमोर असलं काही बोलू नकोस. फळा मी लावलाय."

आपलं म्हणणं खरं आहे हे माहीत असूनही गोमा मान हलवून बाहेर आला. आयुष्यभर साहेबापुढे गप्प बसलेल्या माणसाला एका दिवसात वाचा फुटत नसते.

घरी मात्र तो बोलला. छाया भाकरी खात होती. त्याने तिच्यापुढे चिंचोके मांडले, सोळा बाजूला काढून दाखवले. तिचा घास हातातच राहिला आणि मग ती उसळली.

"घड्याळ खोटं, फळा खोटा, न् तुजे चिंचोके तेवढे खरे?"

"घड्याळ खोटं नाय गो. त्याला सांगितलं तेच ते बोलतंय. सांगणाराच चुकला."

"बा, तुला पाणी दिसलं का मढंच दिसतं. मी जाऊ नाय असंच तुला वाटतं."

हे खरं होतं, म्हणून गोमाला लागलं. तिने जाऊ नये असंच त्याला वाटत होतं, आणि ते वाटणं लाद्या मोजायच्या आधीपासूनचं होतं. भित्र्या माणसाने खरं सांगितलं तरी ते भीतीचंच वाटतं.

तानी चुलीपाशी बसून ऐकत होती. "मंग साठच्या जागी जास्ती कर ना गो. जीवाला शंका कशाला?"

"टाकी रिकामी हाय आये. भरंल तवा शर्यतीला दोन दिस राहतील. न् साठ करून मी दमतच नाय."

"टाकीत दर डावाला भिंत येते," गोमा म्हणाला. "भिंतीला पाय मारतेस, श्वास घेतेस. धरणात भिंत नाय."

छाया ताट उचलून बाहेर गेली. त्या रात्री गोमाने ठरवलं की तिला अडवायचं नाही, पण सोडायचंही नाही.

जानेवारीच्या त्या शेवटच्या रविवारी सिद्धगडाची सावली दहा वाजले तरी पाण्यावरून हलली नव्हती. पाणी काळं होतं, वरून वाफ निघत होती, आणि पायऱ्यांवर उभी असलेली पोरं हात चोळत होती. चाळीसएक पोहणारे, त्यांत मुली तीन. सोबतीला दोन होड्या. गोमाने एका होडीत जागा मागितली. मंडळाच्या पोरांनी त्याला ओळखलं आणि एकाने दुसऱ्याच्या कानात विचारलं, "सकाळी सकाळी या मढीवाल्याला कोणी बोलावलं?" गोमाने ऐकलं. तो होडीत जाऊन बसला.

त्याने हिशोब करून आणला होता. टाकीच्या एका लांबीला छाया वीस हात मारायची. तेव्हा वीस हातांना एक चिंचोका. उजव्या खिशात साठ चिंचोके, म्हणजे आजवर ती जेवढं पोहली तेवढं. पंधरा वेगळे, कमी पडलेल्या लाद्यांचे, टॉवेलच्या गाठीत बांधलेले. ते पंधरा म्हणजे तिने कधीच न पाहिलेलं पाणी.

शिट्टी झाली. छायाने घड्याळाचं बटण दाबलं, रोज टाकीत दाबायची तेच, आणि पाण्यात शिरली.

ती सुरेख पोहत होती. होडीवाला वल्हं मारत होता आणि गोमा तिच्या हातांवरून नजर काढत नव्हता. दहा चिंचोके झाले, वीस झाले. पिंपाला तिने हात लावला तेव्हा सदतीस होऊन अडतिसावा चालू होता, अगदी त्याच्या हिशोबाप्रमाणे. वळताना तिने बापाकडे पाहून दात दाखवले. गोमाला हसू आलं. क्षणभर वाटलं, आपण म्हातारे झालो, उगाच घाबरलो.

पन्नासावा चिंचोका टाकला आणि ती थांबली. उभ्याने पाय मारत तिने मनगट डोळ्यांपुढे धरलं. तिचा चेहरा उतरला.

"बा!" तिचा आवाज फाटला. "पंचवीस!"

"काय पंचवीस?"

"पंचवीस मीटरच झालं म्हंतंय! एकच लॅप!"

घड्याळाला अजून टाकीच ठाऊक होती. भिंत येईल, ही वळेल, मग आपण एक मोजू, म्हणून ते वाट पाहत बसलं होतं. आणि एवढ्या पाण्यात त्याला वळण मिळालं ते एकच, पिंपाचं. धरणासाठी त्याला वेगळं सांगावं लागतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते चुकतंय हे छायाला कळत का नव्हतं? कळत होतं. पण तीन महिने ज्याच्यावर भरवसा टाकला ते म्हणत होतं की तू अजून निघालीच नाहीस, आणि दमलेलं शरीर वाद घालत नाही.

"बगू नको त्याच्याकडं!" गोमा ओरडला. "माज्याकडं बग!"

"किती राहिलं?"

गोमाच्या खिशात दहा होते आणि गाठीत पंधरा. म्हणजे पंचवीस. तो आकडा त्याच्या ओठांवर आला आणि त्याने तो गिळला. "थोडं राहिलं. काठ दिसतोय बग. मार हात!"

काठ खरंच दिसत होता. पायऱ्यांवर तानी उभी होती, तिच्या बाजूला माधुरीताई. आणि काठ दिसू लागला म्हणूनच गोमा होडीच्या कडेला सरकला.

तो मोजत राहिला. एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न. मग त्याच्या ध्यानात आलं की होडी पुढे जातच नाहीये. वीस हात होत होते, पण हात आखूड पडत होते, पाणी नुसतं ढवळलं जात होतं. आता चिंचोकेही खोटे पडायला लागले होते. घड्याळाला सांगणारा चुकला म्हणालो आणि आपलंही तेच, हे त्याला कळून चुकलं.

तो सदरा काढू लागला. होडीवाल्याने दंड धरला. "हात लावलास तर पोर बाद होईल रे. तिचं वरीस जाईल."

गोमा थांबला. नोकरी, पत्र, तिचा राग, सगळं त्याच्या डोक्यात एकदम आलं. त्याने पुढचा चिंचोका काढायला खिशात हात घातला. तेवढ्यासाठीच त्याने नजर खाली केली. वर पाहिलं तेव्हा पाणी सपाट होतं.

त्याने मूठभर चिंचोके होडीत टाकले आणि उडी मारली.

खाली काळोख होता. डोळ्यांचा उपयोग नाही, हे अकरा वेळा शिकून झालेलं. तो तळवे पसरून शोधत खाली गेला. थंडी कानात घुसली. एकदा हात रिकामा फिरला, दुसऱ्यांदा रिकामा. आजवर खाली असताना त्याने कधी घाई केली नव्हती; करायचं कारणच नसायचं. आज छाती फुटायची वेळ आली तरी तो वर येईना. मग बोटांना केस लागले. त्याने ते मुठीत पिळून धरले आणि पाय मारला.

वर आल्यावर ती काही करेना. गोमाने तिचं तोंड वर धरलं आणि पाठीत बुक्की मारली. आणखी एक. तिसरीला ती खोकली, तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, आणि ती बापाच्या गळ्याला अशी बिलगली की दोघंही पुन्हा बुडता बुडता वाचले. गोमा मोठ्याने रडत होता. त्याच्या हातात आलेलं माणूस पहिल्यांदाच खोकलं होतं.

होडी हलकी होती, दोघं चढले असते तर उलटली असती. छायाने मागची कड धरली, गोमाने तिला खालून तोललं, आणि होडीवाला जीव खाऊन वल्हं मारत सुटला. ते पाणी संपता संपत नव्हतं. टाकीतून हरवलेलं सगळं पाणी इथे येऊन बसलं होतं.

पायऱ्यांवर तानीने तिला घोंगडीत गुंडाळलं. मंडळाने आणलेल्या डॉक्टरने छाती ऐकली आणि मुरबाडला न्यायला गाडी मागवली. मंडळाच्या पोराने वहीत तिच्या नावापुढे फुली मारली. माधुरीताई तिचं मनगट चोळत होत्या, तेवढ्यात घड्याळ थरथरलं. त्यांनी पाहिलं. "पूलवरच राहिलं होतं गं. मी सांगायला हवं होतं. दोन लॅप दाखवतंय. पन्नास मीटर."

छायाचे दात वाजत होते. तिने घोंगडीतून तोंड बाहेर काढून बापाला शोधलं. गोमा खालच्या पायरीवर बसला होता, ओलाचिंब, रिकाम्या खिशात हात घालून.

"बा," ती म्हणाली, "तुज्या मोजणीनं किती झालं?"

गोमाने तिच्याकडे पाहिलं.

"एक फेरा," तो म्हणाला. "परत आलीस ना गो. एक पुरा फेरा."